ग्रँथमच्या शाळेतली पोरं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडच्या जुन्या शाळांमधून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक हमखास दिसतो. काळ्या लाकडावर पांढऱ्या रंगानं लिहिलेली नावं. अमुक साली मॅट्रिकला शाळेत पहिला, तमुक साली शंकरशेठ शिष्यवृत्ती. त्या पोरांना शिकवलं कुणी, त्यांच्या बाकावर शेजारी कोण बसायचं, हे काही तो फलक सांगत नाही. आज मी ज्या शाळेविषयी बोलणार आहे, तिच्या फलकावर एक नाव असं आहे की त्याच्यापुढे बाकीची सगळी झाकोळून जातात. ते नाव आयझॅक न्यूटन. पण मला आज बोलायचंय ते जास्त करून त्याच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल.

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायर नावाचा परगणा आहे. सपाट, शेतीचा, मेंढ्यांचा मुलूख. त्यातलं ग्रँथम हे बाजाराचं गाव. गावात सेंट वुल्फ्रमचं चर्च आहे. त्याचा मनोरा जवळजवळ 86 मीटर उंच, कोसभरावरून सहज दिसावा असा. त्या चर्चच्या अंगणाला लागूनच शाळेची जुनी दगडी इमारत आजही उभी आहे. शाळेचं नाव किंग्ज स्कूल. शाळा त्याहूनही जुनी, पण तिला खरा आधार मिळाला तो रिचर्ड फॉक्स या बिशपमुळे. हा फॉक्स जवळच्याच रॉप्सली गावचा. शिकून मोठा झाला, राजाच्या दरबारी वजनदार माणूस झाला, ऑक्सफर्डला त्यानं एक कॉलेज काढलं, आणि आपल्या मुलखातल्या या शाळेलाही पैसा दिला. पुढे 1553 मध्ये सहाव्या एडवर्डची सनद मिळाली आणि शाळा राजाच्या नावाची झाली.

अशा शाळांना ग्रामर स्कूल म्हणत आणि त्यातलं व्याकरण म्हणजे लॅटिनचं. रूपं पाठ करायची, वाक्यं फिरवायची, लॅटिनमध्ये निबंध लिहायचे, चुकलं की छडी खायची. आपल्या पाठशाळेत पोरं अमरकोश घोकत, तशातलाच प्रकार. गणिताला नावापुरती जागा, विज्ञान तर नाहीच. मुलींना प्रवेशही नाही.

एडवर्डनं सनद दिली तेव्हा त्याचा सचिव होता विल्यम सेसिल. आणि हा सेसिल लहानपणी याच ग्रँथमच्या शाळेत शिकलेला. आता सनदेमागे त्याचा हात कितपत होता, हे ज्यानं त्यानं ओळखावं. 1520 च्या सुमारास बोर्न या जवळच्या गावी जन्म, 1535 मध्ये केंब्रिजला रवानगी. 1558 च्या नोव्हेंबरमध्ये एलिझाबेथ गादीवर आली आणि तीनच दिवसांनी तिनं सेसिलला आपला सचिव नेमलं. तिथून 1598 मध्ये डोळे मिटेपर्यंत, म्हणजे जवळजवळ 40 वर्षं, हा माणूस राणीचा कारभारी होता. शेवटची 26 वर्षं तर राज्याचा खजिनाच त्याच्या ताब्यात. युद्धं, कट, राणीच्या लग्नाची बोलणी, सगळं याच्या टेबलावरून जायचं. नाना फडणवीस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो कागदपत्रांत बुडालेला, कुणावर चटकन विश्वास न टाकणारा माणूस येतो, त्याच जातकुळीचा हा.

पण गंमत बघा. स्टॅमफर्डची शाळाही सेसिल आमचा म्हणते, कारण तो तिथेही शिकला. हेन्री मोर या तत्त्वज्ञाचंही तसंच. 1614 मध्ये ग्रँथममध्ये जन्म, सुरुवातीचं शिक्षण इथं, मग ईटनला. या मोरनं देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाशी पत्रव्यवहार करून वाद घातला होता की अवकाश ही वस्तूंपासून वेगळी, स्वतंत्र, अनंत अशी गोष्ट आहे. न्यूटननं मोरची पुस्तकं वाचली होती. निरपेक्ष अवकाशाची, म्हणजे वस्तू असोत वा नसोत, अवकाश आपला असतोच, ही न्यूटनची कल्पना काही शाळेतल्या लॅटिनच्या घोकंपट्टीतून आलेली नव्हे, हे उघड आहे. पण तिच्या मुळाशी जे विचार होते, त्यांतला एक त्याच्याच गावच्या, त्याच्याच शाळेच्या माणसाचा होता.

आता न्यूटन. ग्रँथमपासून अकरा-एक किलोमीटरवर वूल्सथॉर्प नावाची वाडी आहे, तिथला हा पोरगा. बाप जन्माआधीच गेलेला. 1655 च्या सुमाराला, बारा वर्षांचा असताना त्याला या शाळेत घातलं. रोज इतकं चालणं शक्य नाही, म्हणून गावात क्लार्क नावाच्या औषधविक्याकडे राहायची सोय केली. माळ्यावरची खोली त्याला मिळाली. त्या खोलीच्या भिंती पठ्ठ्यानं कोळशानं भरून टाकल्या. पक्षी, प्राणी, जहाजं, वर्तुळं, त्रिकोण. गावात पवनचक्की बांधत होते, ती बघून त्यानं छोटी पवनचक्की केली आणि ती फिरवायला आत एक उंदीर ठेवला. रात्री पतंगाला कागदी कंदील बांधून उडवायचा, तर आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना वाटायचं, धूमकेतूच आला! या गोष्टी विल्यम स्टुकली नावाच्या डॉक्टरनं पुढे ग्रँथममध्ये राहून गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोळा केल्या, म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हटल्यावर थोडं तिखटमीठ असणारच.

अभ्यासात मात्र हा सुरुवातीला ढच. खालच्या वर्गात, आणि तिथेही तळाशी. मग एक दिवस शाळेच्या वाटेवर वरच्या नंबराच्या एका मुलानं याच्या पोटात लाथ घातली. शाळा सुटल्यावर चर्चच्या अंगणात दोघांची जुंपली. न्यूटन अंगानं लहान, पण त्यानं त्या पोराला दमेस्तोवर धुतलं. गुरुजींचा मुलगा तिथंच उभा राहून दोघांना चेव देत होता. तो म्हणाला, नुसतं मारून काय उपयोग, नाक घास त्याचं भिंतीवर. न्यूटननं त्याचे कान धरले आणि चर्चच्या भिंतीवर तोंड घासलं. एवढ्यानं भागलं नाही. अभ्यासातही याला मागं टाकायचंच, असं मनाशी धरून तो वर सरकत सरकत शाळेत पहिला आला. ही हकिगत न्यूटननं म्हातारपणी स्वतःच भाचीच्या नवऱ्याला सांगितलेली आहे. मुलांना अभ्यासाची गोडी कशी लावावी यावर आपल्याकडे एवढी व्याख्यानं होतात, त्यांत ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि न सांगितलेलंच बरं!

सतरावं वर्ष लागायच्या सुमारास आईनं त्याला शाळेतून काढलं. वाडीवर जमीन होती, मेंढ्या होत्या, थोरला मुलगा हाताशी हवा. हा शेती काय करतोय! 1659 च्या ऑक्टोबरमध्ये गावच्या न्यायसभेनं त्याला दंड केल्याची नोंदच आहे. मेंढ्या दुसऱ्यांच्या रानात शिरल्या, तीन शिलिंग चार पेन्स. डुकरं शिरली, एक शिलिंग. कुंपण मोडकं, आणखी एक शिलिंग. आपल्याकडे असता तर गुरं कोंडवाड्यातून सोडवण्यातच याचा दिवस गेला असता. बाजाराच्या दिवशी आई त्याला गड्याबरोबर ग्रँथमला माल विकायला पाठवायची. वेस्टगेटवरच्या सराईत घोडे बांधले की बाजार गड्यावर सोडून हा थेट क्लार्कच्या माळ्यावर. तिथं पुस्तकं होती.

इथं येतात हेन्री स्टोक्स, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी आईला सांगितलं, असल्या पोराला शेतात गाडणं म्हणजे मोठं नुकसान आहे, त्याला केंब्रिजला पाठवा. न्यूटनचा मामा स्वतः केंब्रिजचा शिकलेला पाद्री, त्यानंही तेच सांगितलं. आई बधेना. ग्रँथमबाहेरच्या मुलांना शाळेत वर्षाला 40 शिलिंग फी होती. स्टोक्स म्हणाले, ती मी सोडतो. म्हणजे आपल्या जुन्या शाळांच्या भाषेत न्यूटनला नादारी मिळाली. मजा अशी की आई गरीब मुळीच नव्हती, दुसऱ्या नवऱ्याकडून तिला चांगली मिळकत आली होती. नादारी खरी तर गरजूला द्यायची. स्टोक्स यांनी ती हट्टी आईला गप्प करायला वापरली. आणि पोराला राहायलाही आपल्याच घरी ठेवून घेतलं.

केंब्रिजला निघायची वेळ आली तेव्हा स्टोक्स यांनी त्याला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, डोळ्यांत पाणी आणून त्याचं कौतुक केलं आणि बाकीच्या पोरांना सांगितलं, याच्यासारखे व्हा. वूल्सथॉर्पच्या गड्यामाणसांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. हा आळशी पोरगा दुसऱ्या कशाच्या उपयोगाचाच नाही, गेला विद्यापीठात ते बरं झालं, असं त्यांचं मत. दोन्ही हकिगती स्टुकलीनंच लिहून ठेवल्यात.

1661 च्या जूनमध्ये न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तोही श्रीमंत पोरांची कामं करून शिकणारा विद्यार्थी म्हणून. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 1669 मध्ये प्राध्यापक, 1687 मध्ये प्रिन्सिपिया हा गतीचे आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम मांडणारा ग्रंथ, 1696 पासून टांकसाळीत, 1703 पासून रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. पुण्यात आयुकाच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ आणि आइन्स्टाइन यांच्या पंगतीला त्याचाही पुतळा आहे. शाळेनं त्याला गणित फारसं दिलं नाही, लॅटिन मात्र पक्कं दिलं. प्रिन्सिपिया लॅटिनमध्ये लिहिलं गेलं म्हणूनच पॅरिसपासून बाझलपर्यंतच्या गणितज्ञांना भाषांतराची वाट न बघता ते वाचता आलं.

न्यूटननंतर वीसेक वर्षांनी याच बाकांवर कॉली सिबर बसला. लंडनचा, शिल्पकाराचा मुलगा. 1682 ते 1687 तो इथं होता. 1685 मध्ये दुसरा जेम्स गादीवर आला तेव्हा पोरांना राज्यारोहणाची सुट्टी हवी होती. गुरुजी म्हणाले, कुणी इंग्रजीत प्रशस्तीकाव्य लिहून दाखवलं तर देतो. सिबरनं अर्ध्या तासात ते पाडून दिलं आणि सुट्टी मिळाली. मग आपल्यामुळे सुट्टी मिळाली म्हणून त्यानं एवढी शेखी मिरवली की पोरांनी त्याला सहलीलाच नेलं नाही! हे त्यानं आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय, त्यामुळे माणूस दिलदार म्हणायला हवा. पुढे तो नट झाला, नाटककार झाला, ड्रुरी लेन थिएटरचा कारभार बघू लागला. मिजासखोर, छानछोकी माणसांच्या भूमिका त्याच्या खास. 1730 मध्ये त्याला राजकवी केलं, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला आणि नववर्षाला काव्य पाडायची नोकरी. कविता इतक्या सुमार की अलेक्झांडर पोप या कवीनं आपल्या उपहासकाव्यात त्याला मूर्खांच्या राज्याचा राजा करून टाकलं. नट म्हणून त्याची लायकी होती, असं माझं मत. कवी म्हणून त्याचं जे झालं ते शाळेतच दिसलं होतं.

याच शाळेत काही काळ अल्बर्ट बॉलही होता. पहिल्या महायुद्धातला इंग्लंडचा नावाजलेला वैमानिक. 1917 च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला, वय अवघं 20. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला. त्याच्यावरही एकाहून जास्त शाळांचा हक्क आहे. आणि ग्रँथम म्हटल्यावर तुमच्या मनात मार्गारेट थॅचर आल्या असतील, तर त्या याच गावच्या वाण्याच्या मुलगी खऱ्या, पण त्यांची शाळा वेगळी, मुलींची. गावात या दोन्ही शाळा अजून चालू आहेत आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडण्याची पद्धतही तिथं टिकून आहे.

आता त्या मार खाल्लेल्या पोराकडे येऊ. म्हाताऱ्या न्यूटननं त्याचं नाव सांगितलं नाही. पण 1662 मध्ये, केंब्रिजला असताना, न्यूटननं आपल्या पापांची एक यादी सांकेतिक लिपीत लिहिली होती. टोपीत टाचणी लावून दुसऱ्याला टोचल्याचं पाप त्यात आहे, आई आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकीन म्हटल्याचं पाप आहे. आणि एक ओळ अशी आहे की आर्थर स्टोररला मारलं. हा आर्थर स्टोरर म्हणजे क्लार्कच्या बायकोचा पहिल्या लग्नाचा मुलगा. ज्या घराच्या माळ्यावर न्यूटन राहायचा, त्याच घरातला. भिंतीवर नाक घासलं गेलं ते बहुधा याचंच.

हा स्टोरर पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेत मेरीलँडला गेला. तंबाखूच्या शेतांचा मुलूख. तिथं पटक्सन्ट नदीच्या काठी राहून तो आकाश बघायचा, मोजमापं लिहून ठेवायचा आणि इंग्लंडला पत्रांनी कळवायचा. 1680 च्या नोव्हेंबरमध्ये मोठा धूमकेतू उगवला. धूमकेतू कोणत्या वाटेनं जातो हे गणितानं दाखवायचं तर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली निरीक्षणं लागतात आणि न्यूटन ती जमेल तिथून गोळा करत होता. प्रिन्सिपियाच्या तिसऱ्या खंडात, फ्लॅमस्टीड आणि हॅली यांच्यासारख्या नाणावलेल्या खगोलज्ञांच्या नोंदींबरोबर, ही एक नोंद आहे. व्हर्जिनियाच्या सीमेजवळ, मेरीलँडात, पटक्सन्ट नदीकाठी, पहाटे पाच वाजता आर्थर स्टोरर यांनी धूमकेतू चित्रा ताऱ्याच्या वर, जवळजवळ त्याला चिकटून, पाऊण अंशावर पाहिला.

नमस्कार.