नरकासुराच्या रात्रीची ड्युटी

नमस्कार मंडळी. जेवणं आटपली असतील, कोणी भांडी घासत असाल, कोणी म्हापशाहून शेवटच्या बसने घरी जाता जाता मोबाईलवर ऐकत असाल, ऐका तसंच. मी आपल्या गोव्यातल्याच एका सेंटरवर रात्रपाळी करते. तिथे मुलं येतात, तेरा-चौदा वर्षांपासून ते कॉलेज संपवलेली, ज्यांना जगणं नकोसं झालंय, किंवा ज्यांच्या घरच्यांना धास्ती असते की हा पोर आज रात्री काहीतरी करून बसेल. मला आज त्या रात्रींबद्दल बोलायचंय, कारण तशी रात्र तुमच्या घरात पण येऊ शकते आणि तेव्हा तिथे मी नसणार, तुम्हीच असणार.

दिवसा सेंटरवर डॉक्टर असतात, काउन्सेलर असतात, फोन वाजत असतात. संध्याकाळी हँडओव्हर होतो, कोणी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं, कोणाच्या घरून फोन आला, कोण दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलंय, हे सगळं रजिस्टरमधून आमच्याकडे येतं. मग रात्रभर साधारण पंधरा मिनिटांनी फेरी, पण घड्याळाला चिकटून नाही, कधी दहा मिनिटांनी, कधी चौदा, कारण फेरीची वेळ ठरलेली असली की मुलांना ती लगेच कळते. टॉर्च जमिनीकडे धरायचा, तोंडावर मारायचा नाही. आणि चादरीकडे नीट बघायचं, ती श्वासाबरोबर वरखाली होतेय ना. बाथरूमला आतून कडी नसते, आणि मुलांना पहिल्या रात्री त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून आम्ही बाहेर उभं राहून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहतो.

ह्या कामात एक गोष्ट मनाशी पक्की ठेवावी लागते. रात्री प्रश्न सोडवायला बसायचं नाही, रात्र काढायची. परत सांगते, रात्र काढायची. मार्क, प्रेमप्रकरण, बापाची दारू, हे रात्री अडीच वाजता सुटत नाही. पण मरून जावंसं वाटण्याची जी टोकाची वेळ असते ना, ती बऱ्याचदा फार लांब नसते, ती येते, चढते आणि उतरते, आणि तेवढ्या वेळात पोराजवळ माणूस हवं आणि हाताशी घातक वस्तू नको.

आणि वयात आलेल्या मुलांना रात्री झोप उशिरा लागते ती फक्त मोबाईलमुळे नाही हो, झोप आणणारं मेलाटोनिन त्या वयात शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, तासा-दोन तासांनी. म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते की आपल्या शाळा सकाळी फार लवकर भरतात, पोरं अर्धवट झोपेत बसस्टॉपवर उभी असतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. शाळेच्या वेळेवर बोलायला कोणी तयार नाही, ते असो, तो वेगळा विषय झाला.

तर मी सांगणार होते नरकासुराच्या रात्रीची गोष्ट. त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. पेडण्याकडचा मुलगा, सोळा वर्षांचा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पप्पा त्याला घेऊन आले, गाडीवरून, साडेअकराच्या सुमाराला, वाटेत दर वाड्यावर नरकासुर, म्हणजे त्याचे मोठाले पुतळे, उभे आणि स्पीकरच्या भिंती लागलेल्या. खरं तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नको असा नियम देशात २००० सालापासून आहे, आणि सणाला सूट दिली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच, पण त्या एका रात्री तो नियम कोणालाच आठवत नाही. आमच्या सेंटरच्या खिडकीची काच थरथरत होती आणि आत हा पोरगा दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेला.

झालं होतं असं की हा त्यांच्या वाड्यावरचा तोंड करणारा पोर, म्हणजे नरकासुराचं तोंड हा करायचा, लहानपणापासून, मोठी मुलं सांगाडा बांधायची, गवत भरायची आणि तोंड मात्र ह्याचंच. त्या वर्षी मांडवात कशावरून तरी भांडण झालं, एका मोठ्या मुलाने ह्याला सगळ्यांसमोर बडवला, हा रडला, आणि तिसऱ्याने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत सगळ्या गावाने तो बघितला. मग ह्याला ग्रुपमधून काढून पण टाकला. आणि नरकासुर ह्याच्याच तोंडासकट नाचवायला निघाला.

आल्यापासून एक शब्द नाही. पाणी नको, चहा नको. पप्पा सारखे म्हणत होते, "अरे बोल काय तरी, एवढ्याशा गोष्टीवर कोण असं करतो?" मी पप्पांना हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही इथेच थांबा, त्याला दिसाल असे थांबा, पण आज समजावू नका.

साडेबाराच्या दरम्यान तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "गो ताई, तुमच्याकडे जुने पेपर आहेत?" मला वाटलं वाचायला. म्हणाला, "नाही, तोंड करायचंय."

आता आमच्याकडे कटर नाही, तार नाही, काठी नाही, कात्रीसुद्धा कुलपात. मी त्याला तसं सरळ सांगितलं की हे हे मिळणार नाही आणि का मिळणार नाही. तो म्हणाला, "पेपर हातानेच फाडायचा असतो, कापला तर कडा नीट बसत नाही." स्वयंपाकघरातल्या मावशी जाग्या होत्या, त्यांनी मैदा पाण्यात कालवून मंद गॅसवर ढवळून खळ करून दिली, तीही थंड करून, कारण गरम भांडं आम्ही मुलांजवळ नेत नाही. घमेलं नव्हतं, मग एक प्लास्टिकचा मोठा टब पालथा घातला. त्याने आधी टबला सगळीकडून तेलाचा हात लावला. मी विचारलं हे कशाला, तर माझ्याकडे असं बघितलं की हिला काहीच कसं माहीत नाही. "नाहीतर सुकल्यावर सुटत नाही ना!"

मग आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो. मी पट्ट्या फाडत होते, तो खळीत बुडवून लावत होता. एक थर उभा, एक थर आडवा. बिस्किटाचा खोका फाडून दात केले, कागदाचे गोळे वळून डोळे. मध्ये मध्ये मी उठून फेरी मारून येत होते, आणि मी परत आले की तो न बघता पट्ट्यांचा ढीग माझ्याकडे सरकवायचा. बाहेर डीजे चालूच होता पण आता त्याचे हात कानांवर नव्हते, खळीत होते, कोपरापर्यंत.

समोरासमोर खुर्च्या टाकून बोललं की मुलं गप्प होतात, हे मी फार वेळा बघितलंय. हात कामात असले आणि नजर कामावर असली की बोलणं बाजूने येतं. तीनच्या आसपास नाक बसवता बसवता तो म्हणाला, "उद्यापासून शाळेत कसा जाणार मी." मी पट्टी फाडणं थांबवलं नाही. तशीच विचारलं, "तुला मरून जावंसं वाटतंय का रे?"

इथे एक सांगते आणि दोनदा सांगते, कारण ह्यालाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. असं सरळ विचारलं म्हणून मुलाच्या डोक्यात तो विचार येत नाही. असं विचारलं म्हणून विचार येत नाही! विचार असला तर आधीपासून असतो, आणि विचारल्यावर त्याला कळतं की हे बोललं तरी समोरचं माणूस पळून जात नाही.

तो "हो" म्हणाला. मी विचारलं, "काही ठरवलं होतंस?" तो बराच वेळ नाक दाबत राहिला. मग म्हणाला, "आजीच्या गोळ्या काढून ठेवल्यात, शाळेच्या बॅगेत, आतल्या खणात."

मी म्हटलं, "हे मला पप्पांना सांगावं लागेल. तुझ्या मागून नाही सांगणार, तुझ्यासमोर सांगणार. तू सांगतोस की मी सांगू?" तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." पप्पांना आत बोलावलं. ऐकल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला, ओरडायला तोंड उघडलं आणि मग त्यांना ते टबवरचं ओलं तोंड दिसलं आणि ते तसेच उभे राहिले. मी म्हटलं, आधी घरी फोन लावा. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला, तिने बॅग उघडली, गोळ्या सापडल्या, त्या आणि घरातली बाकीची सगळी औषधं पिशवीत भरून ती त्याच वेळी शेजारच्या काकींकडे देऊन आली. ती परत येईपर्यंत फोन चालूच ठेवलेला, आम्हाला तिकडच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर पप्पा खाली बसले आणि विचारलं, "दात असेच पांढरे ठेवणार?" पोर म्हणाला, "रंग कुठाय इथे." आणि मग ते पण पट्ट्या फाडायला लागले, फार वाईट फाडत होते, पोर त्यांना दाखवत होता कशी फाडायची. साडेचारच्या पुढे त्याला तिथेच फरशीवर झोप लागली, पप्पांच्या मांडीवर डोकं. आम्ही हलवलं नाही, उशी आणून दिली आणि माझी फेरी त्याच्यासाठी पण चालूच राहिली, झोपला म्हणून धोका संपला असं आम्ही धरत नाही. सकाळी डॉक्टरांनी बघितलं, औषध सुरू झालं, पुढे कित्येक महिने तो काउन्सेलिंगला येत होता. शाळा त्याने बदलली. मी त्याला कधी "तू किती शूर" वगैरे म्हटलं नाही, त्याला ते आवडलं नसतं.

गोष्टीतच बराच वेळ गेला, पण महत्त्वाचं बरंचसं त्यातच आलंय. बाकीचं पटपट सांगते.

घरात मुलाबद्दल अशी शंका असेल तर औषधं कुलपात किंवा शेजारी ठेवा, आजी-आजोबांची सुद्धा, आणि सत्तरी-डिचोलीकडे ज्यांच्या बागायती आहेत त्यांनी फवारणीचं औषध घरात ठेवूच नका, कुळागरातल्या खोपीत ठेवलं तरी कुलूप लावा. मुलाने गोळ्या घेतल्या असं कळलं आणि तो ठीक दिसतोय, बोलतोय, तरी १०८ ला फोन करून लगेच हॉस्पिटलला न्या, काही साध्या वाटणाऱ्या गोळ्यांचा घाव यकृतावर एक-दोन दिवसांनी दिसतो आणि तोपर्यंत उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. ठीक दिसला तरी न्यायचं.

पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७, त्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरायचं, त्याला शिक्षा द्यायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात असा प्रयत्न हा गुन्हा धरणारं ते जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. तेव्हा ह्या भीतीने डॉक्टरकडे जायचं थांबू नका.

दुसरी भीती, लोक काय म्हणतील. मनाचे आजार बघणारी आपली सरकारी संस्था बांबोळीला आहे, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात, पण अजून "बांबोळीला नेला" हे शब्द लोक आवाज खाली करून बोलतात. मला ह्याचं फार वाईट वाटतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, १७५६ साली कांदोळीला जन्मलेला माणूस, संमोहनाचा अभ्यास करून पॅरिस गाजवलं त्याने, पाहुणे आले की आपण त्यांना तो पुतळा कौतुकाने दाखवतो. मनाचा अभ्यास करणारा माणूस आपला म्हणून चालतो तर मनाच्या डॉक्टरकडे आपलं पोर नेताना मान खाली का घालायची? मी तर म्हणते शेजाऱ्यांना सांगून जा, ताप आल्यावर सांगता तसं.

आणि रात्री तुम्ही एकटे असाल, पोराने दार लावून घेतलं असेल, काय बोलावं सुचत नसेल, तर १४४१६ ला फोन करा. टेलीमानस म्हणतात, केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आईबापांनी केला तरी चालतो, मुलाने स्वतः केला तरी चालतो. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ पण आहे. कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅस सिलिंडरची तारीख लिहिता त्याच पानावर. परत सांगते, एक-चार-चार-एक-सहा.