कोणतं पुस्तक ठेवायचं, कोणतं बाद करायचं

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तकं बाद करायची म्हटलं की माणसं दुखावतात. 'सरस्वतीला रद्दीत घालता?' असं तोंडावर विचारतात. त्यांची कळकळ खरी आहे. पण कपाटं ठासून भरली की मुलांच्या हाती विंडोज ९८ चं मार्गदर्शक लागतं आणि नवी पुस्तकं जागेअभावी खोक्यात पडून राहतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचं १९३१ चं पाचवं सूत्र. त्या वाढीत जुनं टाकणंही आलं, हे त्यांनीच सांगितलं आहे.

अडचण आहे ती निवडीची. संगणकावर यादी काढायची आणि दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं काढून टाकायची, ही सर्वांत सोपी रीत. गोव्यात तरी ती वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

पोर्तुगीज नागरी संहितेचंच घ्या. संहिता १८६७ ची, गोव्यात लागू झाली १८७० मध्ये. वारसाहक्काचा भाग २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला; पण पती-पत्नीच्या मालमत्तेचा प्रश्न निघाला की वकिलाला आजही त्या संहितेकडे वळावं लागतं. तिच्यावरचं एखादं जुनं पोर्तुगीज भाष्य वीस वर्षं कुणी नेलं नसेल, तरी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी दुसरीकडे मिळणार नाही. इतिहाससंशोधक डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह गोवा विद्यापीठात आहे. त्याला हात लावायला कुणी धजणार नाही. मला काळजी वाटते ती साध्या कपाटात, कुठल्याही संग्रहाच्या नावाशिवाय उभ्या असलेल्या अशा पुस्तकांची.

भारतीय दंड संहितेची पुस्तकं पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. म्हणून जुनी सगळी बाद? त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालतात. चांगल्या भाष्यग्रंथांच्या एकदोन प्रती ठेवाव्यात. परीक्षेच्या गाइडांच्या दहा-दहा प्रती बिनदिक्कत काढाव्यात.

आणखी एक गोष्ट यादीत दिसत नाही. पुष्कळ पुस्तकं घरी जातच नाहीत, टेबलावर बसून वाचली जातात. संध्याकाळी ती परत लावण्याआधी मोजली पाहिजेत. जी वापरात आली, त्यांच्या कण्यावर रंगाचा ठिपका द्यावा. दीडदोन वर्षांनी ठिपका नसलेली पुस्तकं एकेक करून हातात घेऊन पाहावीत. काम वेळखाऊ आहे, पण खात्रीचं आहे.

आपल्याकडे पावसाळा पुस्तकांचे हाल करतो. बुरशी, कसर, वाळवी. बुरशी आलेलं पुस्तक त्याच दिवशी वेगळं ठेवावं, नाहीतर शेजारची ओळ जाते. मात्र खराब झालं म्हणून लगेच बाद करू नये. आधी पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात प्रत आहे का, ते पाहावं. १८३२ पासूनची ती संस्था. तिथेही नसेल, तर आपली फाटकी प्रत हीच कदाचित गोव्यातली शेवटची. तिचं स्कॅनिंग करावं, बांधणी करावी.

बाद ठरलेल्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करावी आणि सूचीतूनही ते काढावं. नाहीतर विद्यार्थी नसलेल्या पुस्तकासाठी तासभर कपाटं धुंडाळत बसतो.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. ग्रंथपालांकडून तुमच्या विषयाची यादी येते, तेव्हा सही करून परत पाठवू नका. कपाटाशी या. कोणत्या पुस्तकाची जागा नव्या आवृत्तीनं घेतली आणि कोणत्याची कुणीच घेतलेली नाही, हे त्या विषयात आयुष्य घालवलेला माणूसच सांगू शकतो. उन्हाळ्याच्या सुटीत दोन सकाळी द्या. पाऊस सुरू होण्याआधी हे काम उरकता येईल.

नमस्कार.