दोन पिंपं आणि सात मालक : मोंराशेचं २०१६ साल

हा जो उतार दिसतोय ना समोर, हा फ्रान्समधल्या बर्गंडीचा, बोन शहराच्या दक्षिणेला, आणि खाली जे कौलारू गाव आहे ते प्युलिनी-मोंराशे. गावाचं मूळ नाव नुसतं प्युलिनी, पण १८७९ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्यात नावाजलेल्या द्राक्षबागेचं नाव गावाला जोडलं, आणि शेजारच्या शासान्यनेही तेच केलं, कारण बाग दोघांच्या हद्दीत अर्धी अर्धी आहे.

ती बाग म्हणजे मोंराशे. साधारण ८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबात जेमतेम २० एकर. वेल सगळे शार्दोने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचे. वरच्या अंगाला शव्हालिए-मोंराशे, तिथे माती पातळ आणि दगड जास्त, खालच्या अंगाला बातार-मोंराशे, तिथे माती जड, चिकणमाती जास्त, मधे फक्त एक अरुंद रस्ता. पण तेवढ्यानेही वाइन बदलते, वरची जरा सडसडीत, खालची भरदार, आणि मधल्या मोंराशेत दोन्ही गोष्टी एकत्र येतात म्हणून जगभरचे लोक तिच्यामागे वेडे. हे काही आजचं नाही, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन १७८७ मध्ये या भागात फिरून गेला तेव्हाच्या त्याच्या नोंदींतही मोंराशेचा भाव शेजारच्या मर्सो गावच्या वाइनपेक्षा कितीतरी वर आहे.

एवढ्याशा बागेला १५ च्या वर मालक आहेत. वाटण्या होत होत गेल्या, कुणाकडे दोन हेक्टर तर कुणाकडे नुसत्या काही ओळी, प्रत्येकाची छाटणी वेगळी, तोडणी वेगळ्या दिवशी, लेबल वेगळं.

आता २०१६ चा एप्रिल. महिना संपत आलेला, वेलींचे डोळे म्हणजे अंकुर फुटून कोवळी पानं बाहेर आलेली, आणि एका रात्री आभाळ निरभ्र राहून पारा शून्याखाली गेला. एरवी थंड हवा जड असते म्हणून ती खाली सपाटीला जाऊन बसते, उतारावरच्या मोंराशेला सहसा धक्का लागत नाही, पण त्या पहाटे ओल्या, गोठलेल्या कोंबांवर थेट ऊन पडलं आणि कोंब करपून गेले. निफाडकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको, थंडी वाढली की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसणं काय असतं ते त्यांना माहीत आहे.

सप्टेंबर उजाडला तेव्हा कित्येकांच्या ओळींत इतके कमी घड की एक पिंपसुद्धा भरेना. आणि पिंप भरणं महत्त्वाचं असतं बरं का, इथलं ओकचं पिंप २२८ लिटरचं, रस त्यातच आंबतो, त्यातच मुरतो, अर्धं रिकामं ठेवलं तर आत हवा राहते आणि वाइन बिघडते. म्हणजे द्राक्षं आहेत, जगातली सगळ्यात महागातली आहेत, पण एकट्याने काही करता येत नाही.

मग सात मालक एकत्र आले. त्यात वाइन बनवणारी बडी घराणी होती, म्हणजे दोमेन द ला रोमाने-कोंती होतं, कोंत लाफों होतं, दोमेन लफ्लेव्ह होतं आणि सोबत अशी छोटी घराणीही होती ज्यांची नावं बाहेर फारशी कुणी ऐकलेली नाहीत. सगळ्यांनी आपापली द्राक्षं प्युलिनीत लफ्लेव्हकडे आणली, एकत्र दाबली, आणि भरली किती, तर दोन पिंपं! साधारण ६०० बाटल्या. ज्या ठिकाणी कुणाची ओळ कुठे संपते हे पिढ्यान् पिढ्या जपलं गेलं, तिथे सातांचा रस एका पिंपात गेला, आणि मला वाटतं मोंराशे म्हणजे मालक नाही तर ती जमीन, हे इतकं उघडपणे आधी कधी दिसलं नसेल.

थंडीचं संकट मात्र गेलेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच, आणि त्या वेळी बर्गंडीभर लोकांनी वेलींच्या ओळींमधे मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या, तरी पीक फारच कमी आलं. हिवाळे उबदार होत चाललेत त्यामुळे डोळे लवकर फुटतात आणि मग एप्रिलची एक रात्र पुरते. म्हणून आता बरेच जण छाटणी मुद्दाम मार्चपर्यंत लांबवतात, म्हणजे फूट थोडी उशिरा येते. हाताशी आठ-दहा दिवस मिळाले तरी इथे ते फार झाले.