चेंडूकडे न बघणारा माणूस

(वाशीतल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना आत्ता मला 'ज्येष्ठ फुटबॉलपटू' म्हणाले. आमच्याकडे माणूस तेहतिशीतच ज्येष्ठ होतो, त्यामुळे चालवून घेतो. मुंबईत क्लबकडून अकरा हंगाम खेळलो, लेफ्ट बॅक, डावीकडचा बचावपटू. म्हणजे माझा गोल मारतानाचा फोटो आमच्या आईकडेसुद्धा नाही. मग कूपरेज मैदानावर एका पावसाळी सामन्यात गुडघा फिरला, लिगामेंट गेलं. ऑपरेशननंतर परत उतरलो, पण वळायला अर्धा सेकंद उशीर व्हायचा. विंगरला, म्हणजे कडेने धावत येणाऱ्या आक्रमकाला, तेवढा पुरतो. पुढच्या वर्षी क्लबनेच गाशा गुंडाळला. घरी बसलो होतो, तेव्हा जुन्या कोचचा फोन आला, "रविवारी कोपरखैरण्याला जाऊन जरा पोरं बघून ये. गाडीभाडं देतो." हेच माझं नेमणूकपत्र.

क्लबसाठी नवे खेळाडू शोधणारा तो स्काऊट. स्काऊट म्हणजे हिऱ्याचा पारखी, असं लोकांना वाटतं. मी आयुष्यभर खरं काम केलंय ते 'नाही' म्हणायचं. शंभर मुलं बघायची आणि अठ्ठ्याण्णवांना नाही म्हणायचं. उरलेल्या दोघांना आणखी तीनदा बघायचं, त्यातही एकदा मुद्दाम त्यांचा संघ मार खात असताना. जिंकताना सगळेच धावतात हो.

आता गंमत सांगतो. ९० मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. बाकीच्या वेळात तो करतो काय? तिथेच मला बघायचं असतं. म्हणून मी पालकांच्या घोळक्यात उभा राहत नाही, कॉर्नर फ्लॅगच्या मागे बसतो.

ऐरोलीला एकदा मुलींची मॅच होती. एक जण तिघींना चकवून पुढे जायची, चौथीपाशी चेंडू घालवायची, आणि तरी टाळ्या तिलाच. माझी नजर मात्र मधल्या फळीतल्या एका बुटक्या पोरीवर. चेंडू तिच्याकडे निघायच्या आधी ती एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायची, एकदा उजव्या. चेंडू आला की थांबवायचीच नाही, बुटाच्या बाहेरच्या कडेने मोकळ्या जागेत ढकलून द्यायची. मॅच संपल्यावर विचारलं, "हे मागे बघायला कुणी शिकवलं?" म्हणाली, "कुणी नाही, सर. आमच्या गल्लीत मागून रिक्षा येतात."

गल्ली राहिली नाही, आता टर्फ आले, कृत्रिम गवताची छोटी मैदानं. गच्चीवर, पुलाखाली, जाळीच्या पिंजऱ्यात. पाय झपझप चालतात मुलांचे, मान्य. पण चेंडू जाळीला लागून परत येतो ना! मोठ्या मैदानावर तो परत येत नाही. चाळीस मीटरचा पास द्यायला सांगितला की पोरगं गांगरतं. एकीकडे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाची तर फायनलच झाली. आणि त्याच नेरूळचा मुलगा तासाच्या भाड्यावर पिंजऱ्यात शिकतोय.

दुसरी भानगड वयाची. आपल्या आधीच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला दाखला पुढे आला की माझ्या भुवया वर जातात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, त्यात बरेच जण सापडतात.

पण दाखला खरा असला तरी घोळ आहेच. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! एकाला मिसरूड, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त भरतात, ती याचमुळे. फ्रान्सचा आक्रमक खेळाडू ग्रीझमन, त्याला फ्रान्समधल्या क्लबांनी लहानखुरा म्हणून परत पाठवला. स्पेनच्या रेआल सोसिएदादने उचलला आणि २०१८ साली तो फ्रान्सकडूनच विश्वचषक जिंकला. आणि तो तर मार्चमधला, वर्षाच्या सुरुवातीचाच, म्हणजे महिना पाहूनही मी चुकलोच असतो!

माझाही एक असाच गेला. कळव्याचा, नोव्हेंबरातला. वहीत लिहिलं, 'चांगला, पण अंगात जोर नाही'. तीन वर्षांनी तो समोरच्या संघातून खेळला आणि आमच्या बॅकला त्याने मैदानभर फिरवला. नंतर भेटायला गेलो तर पायातले शिनगार्ड काढत म्हणाला, "सर, आता उंची चालेल का?" तेव्हापासून वहीत नावाच्या आधी जन्माचा महिना लिहितो. शक्य झालं तर आईला आणि थोरल्या भावाला बघून घेतो, किती उंच आहेत ते.

वेळ संपत आलीय. मघाशी चहाला एक गृहस्थ भेटले, म्हणाले, "आमच्या मुलालाही एकदा बघा." बघतो की. रविवारी सकाळी सातला पाठवा. तुम्ही मात्र घरी थांबा.