धूळ खरी पडू दे

मंडळी, मला दिलेला विषय मोठा आहे: लघुपटांतून लोकांना अंतराळाची गोडी कशी लावायची. त्याकडं येतोच. पण आधी थोडं धुळीबद्दल बोलू द्या, कारण घोडं तिथंच पेंड खातं.

यान चंद्रावर उतरतंय असा सीन काढायचा म्हटलं की पोरं सिमेंट नाहीतर राख आणतात, फुंकर मारतात आणि धुळीचे लोट उठतात. दिसायला झकास, पण साफ चूक. लोट उठायला हवा लागते. चंद्रावर ती नाही, त्यामुळं तिथला प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा वक्र रेषेत जातो आणि खाली पडतो. तरंगत राहत नाही. हे पडद्यावर नीट दिसलं तर बघणाऱ्याला न सांगताही काहीतरी वेगळं जाणवतं आणि तो शेजारच्याला विचारतो, ‘आरं, असं का पडतंय?’ एवढा एक प्रश्न उठला तरी लघुपट वसूल.

आता हे घरात कसं साधायचं ते सांगतो. ३ सप्टेंबर २०२३ ला चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरनं, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या यानानं, पुन्हा इंजिन लावून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली होती. तो सीन घ्या. विक्रम साधारण २ मीटर लांब-रुंद, म्हणजे एक-दशांश मॉडेल २० सेंटिमीटरचं आणि उडी ४ सेंटिमीटरची. मॉडेल बारीक तंगुसानं वर उचला. खाली वाळू पसरा, पण ती धुऊन, कडक वाळवून, चाळून घेतलेली. बारीक भुकटी राहिली की ती हवेत रेंगाळते आणि सगळं मुसळ केरात.

मग वेळेचा हिशोब. चंद्राचं गुरुत्व आपल्या एक-षष्ठांश, म्हणून तेवढ्याच उंचीवरून पडायला √६, म्हणजे जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. खऱ्या आकाराची वस्तू असेल तर सेकंदाला ६० फ्रेमनं चित्रित करून २५ वर चालवा, २.४ पट होतं, पुरे. पण आपलं मॉडेल दहापट लहान आहे, म्हणून सहा गुणिले दहा, √६०, म्हणजे पावणेआठपट. मोबाईलचा स्लो मोशन २४० फ्रेमचा असतो. तो २५ वर आणला की ९.६ पट होतो, म्हणून एडिटिंगमध्ये वेग सव्वापट करा. मोबाईल स्वतःच ३० वर चालवत असेल तर आठपट होतंच, हात लावू नका. हा हिशोब चुकला की लँडर खेळण्यासारखा टुणकन आपटतो, आणि मग मागं कितीही भारदस्त संगीत लावा, कुणी फसत नाही.

उजेडाचंही तसंच. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून सावलीची कड धारदार हवी. तीन सेंटिमीटर तोंडाचा एकच एलईडी सव्वातीन मीटरवर ठेवा. उजेड परतवायला थर्माकोल नको, दुसरा दिवा नको, भिंतींना काळं कापड लावा, नाहीतर भिंतींचा उजेड सावलीत शिरतो. आणि मागं चांदण्या चिकटवू नका. उन्हातल्या जमिनीच्या उजेडाप्रमाणं कॅमेऱ्याचं एक्सपोजर लावलं की तारे दिसतच नाहीत.

बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा बनवला, १९२९ ला जिथं प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या कोल्हापुरात ‘साधनं नाहीत’ ही सबब मला मान्य नाही.

वेळ संपत आलाय, तेव्हा मूळ विषय झटपट घेतो. लघुपट तीन मिनिटांचा, प्रश्न एकच. ‘भारताची अंतराळझेप’ हा विषय नव्हे, ‘१.६८ किलोमीटर प्रतिसेकंदानं जाणारं यान १९ मिनिटांत थांबतं कसं’ हा विषय. निवेदन कमी ठेवा, निम्मा वेळ चित्राला बोलू द्या. ट्यूबलाइटखाली चित्रीकरण असेल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० वर पट्टे फिरतात. नासाची चित्रं बहुतेक मोकळी असतात, पण बोधचिन्ह आणि त्यांच्या चित्रफितींतलं संगीत तपासल्याशिवाय घेऊ नका.

दाखवायचं कुठं? तालीम-मंडळांच्या गणपतीच्या देखाव्यात. तिथं गर्दी आपसूक येते. गोंगाटात निवेदन ऐकू येणार नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत मजकूर द्या.

आणि विषय हवा असेल तर अंबाबाईचा किरणोत्सव आहेच, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, असा दोनदा का? सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो त्या २१-२२ डिसेंबरच्या अलीकडं-पलीकडं जवळपास सारख्याच दिवसांवर सूर्य त्याच जागी मावळतो म्हणून. एकाच गच्चीवरून दोन्ही सूर्यास्त घ्या, झूम लावणार असाल तर सोलर फिल्टरसह, आणि मधे डिसेंबरचा एक. ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा मात्र ऑइलपेंटनं करून ठेवा, खडूच्या टिकत नाहीत आणि फेब्रुवारीत फ्रेम जुळत नाही.