पहिली रोड बाईक घेताय? आधी विचारा, टायर केवढा बसतो!

नमस्कार राजेहो! बजेट 30-35 हजार, सायकल पहिलीच, आणि पाठ-मनगटं दुखायला नकोत. आता कोणती घ्यायची? मॉडेलचं नाव नंतर. आधी आपला रस्ता पाहू.

आपली विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचं डांबरही मग वर-खाली होतं, कडेकडेनं फाटतं. गावात शिरलं की सिमेंट रस्त्याचे जोड आणि घरासमोर ज्यानं त्यानं घातलेले ब्रेकर. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांचे व्हिडिओ पाहून 25 मिलिमीटर टायरची सायकल आणली, तर इथं तासाभरात हाताला मुंग्या येतात आणि महिन्याभरात सायकल भिंतीला लागते. मला याचंच वाईट वाटतं. पोरगं हौसेनं पैसे जमवतं आणि चुकीच्या टायरपायी सायकलिंग सोडून देतं.

(टायर कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा, इथं बाजूला उठावात लिहिलंय, 700×32. हे 32 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 70 किलोच्या माणसाला 25 च्या टायरमध्ये साधारण 80-90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. 32 मध्ये 55-60 वर भागतं. हवा कमी असली की उघडी खडी आणि भेगांचा दणका टायरच पचवतो, तो मनगटापर्यंत येत नाही. आणि खडबडीत रस्त्यावर यानं वेग कमी होतो असंही नाही. टणक टायर उड्या मारतो, त्यात आपलीच ताकद वाया जाते.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच, की या फ्रेममध्ये जास्तीत जास्त केवढा टायर बसतो? 32 बसला तर पुढचं बोला. 35 बसला तर फारच छान. 25 च्या वर जात नसेल, तर कितीही सूट देऊ द्या, सोडून द्या.

ब्रेकचाही इथंच संबंध येतो. रिमवर दाबणाऱ्या नेहमीच्या रोड ब्रेकखाली बहुतेक वेळा 25 किंवा 28 चाच टायर मावतो. त्यात पावसाळ्यात वावरातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सोडतात. तो चिकट चिखल ब्रेकमध्ये बसला की चाकच जाम. केबलवाले डिस्क ब्रेक मिळाले तर घ्या. या बजेटमध्ये हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या, मागे लागू नका.

आता माप. कंपनीच्या साइटवर जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता असतो. त्यातले दोन आकडे बघा, स्टॅक आणि रीच. पायडलच्या मधल्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळ्याचं वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. दोन सायकलींचा रीच सारखा असेल, तर जास्त स्टॅकवाली घ्या. हँडल वर येतं, कमरेवरचा ताण कमी होतो. एन्ड्युरन्स नावानं विकतात त्या याच.

नागपूर-अमरावतीला जाऊन एकदा बसून पाहाच. हात ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवा. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. ताठ होत असेल तर एक साइज लहान मागा. सीटची उंची सोपी आहे. टाच पायडलवर ठेवायची, पायडल पार खाली न्यायचं, गुडघा सरळ व्हायला पाहिजे. आहे ती सीट बदलून मऊ, जाड, रुंद सीट मात्र घेऊ नका. लांब पल्ल्यात तीच जास्त घासते. तेच पैसे पॅडवाल्या चड्डीत घाला.

गिअरचं फार डोकं खाऊ नका. आपल्याकडे चढ कमी, वारा जास्त. मागची मोठी चकती 32 दात्यांची असली की चिखलदऱ्याचा घाटही दमानं चढता येतो.

सेकंडहँड घेत असाल तर खिशात स्टीलची पट्टी ठेवा. चेनचे 12 पूर्ण जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड), पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर 12 इंच भरले पाहिजेत. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली असेल तर चेन बदला. एक सूत वाढली असेल तर मागच्या चकत्याही गेल्यात असं समजा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. फ्रेमच्या जोडांवर ओलं फडकं फिरवा. धुळीखाली लपलेली चीर लगेच दिसते.

आणि हे घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. दोन जादा ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप. काहून, तर गावातल्या दुकानात मिळणारा 28 इंची साध्या सायकलचा टायर रोड बाईकच्या रिमवर बसत नाही. त्याचा व्यास 635 मिलिमीटर, आपल्या रिमचा 622. (व्हॉल्व्ह दाखवत) हा बारीक व्हॉल्व्ह प्रेस्टा. पंक्चरवाल्या भाऊच्या कॉम्प्रेसरचं तोंड यावर लागत नाही. हे पितळी अडॅप्टर स्वस्तात मिळतं, ते व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा. आधी व्हॉल्व्हची टोकावरची बारकी चकती सैल करायची, मग अडॅप्टर लावायचं. बाभळीचा काटा कुठं गाठेल सांगता येत नाही. टायरमध्ये रुतलेला काटा काढून, आतून बोट फिरवून खात्री केल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.