पदराच्या गाठीतलं पाकीट

नमस्कार. दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ टेकलेल्या माझ्या सगळ्या आयाबहिणींना नमस्कार.

आजचा विषय आपण घरात मोठ्यानं बोलत नाही. अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं, खाली खाज सुटणं, लघवीला बसलं की चुरचुरणं. हे बहुतेकदा बुरशीमुळं होतं. आणि त्यावरची ती एक गोळी, फ्लुकोनाझोल. रेडिओचा आवाज कमी करू नका. घरात पुरुष माणूस असला तर त्यालाही ऐकू दे, औषधाच्या दुकानात बऱ्याचदा तोच जातो.

मी ३२ वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स होते. नोकरीला लागले तेव्हा या दुखण्याला आम्ही जेन्शियन व्हायोलेट हे जांभळं औषध लावायचो. बायकांची पातळं जांभळी व्हायची आणि सासूला, जावेला, सगळ्या घराला कळायचं की हिला काय झालंय. त्यामुळं कितीतरी जणी येतच नसत. नाहीतर आत ठेवायच्या गोळ्या, रोज रात्री एक, चौदा रात्री. मग ही गोळी आली. १५० मिलिग्रॅमची एकच, पाण्याबरोबर गिळायची, उपाशीपोटी घेतली तरी चालते. बायकांच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट झाली, असं मी मनापासून मानते.

पण ती घेण्याआधी चार प्रश्न आहेत. गरोदर आहे का? साखर आहे का? दुसरी कुठली गोळी चालू आहे का? आणि हे यंदा कितव्यांदा होतंय? गरोदर, साखर, दुसरी गोळी, कितव्यांदा. हे चार मी कुठं शिकले, ते सांगते.

नट्टी लावायचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस होते. जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, बायका सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेल्या. अशा दिवसांत पन्नाशीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. पावसाची खोळ दारात झटकली, सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग माझ्यासमोर येऊन पदराची गाठ सोडली आणि एका गोळीचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. तोंडातून शब्द नाही.

मी विचारलं, "काय होतंय मावशी?"

"हीच गोळी द्या की बाई. गुण येतो."

"कुणी दिली पहिल्यांदा?"

"थोरली सून पुण्याला हाय, तिनं पाठवली शिमग्याला. मग पोरगा खानापुरात गेला की रिकामं पाकीट दाखवून आणतोय."

शिमग्यापासून चारदा झाली होती. दरवेळी आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. मी त्यांना आत नेलं, पडदा ओढला. खाज म्हणायलासुद्धा त्यांची जीभ रेटेना, "ते" म्हणायच्या. "ते परत सुरू झालंय."

मी सहज विचारलं, रात्री किती वेळा उठता? "चार-पाच बार. वय झालं, दुसरं काय." तहान? "लई." मग विचारलं, मोरीत मुंग्या येतात का? मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमाला कोण सांगितलं बाई?"

बोटाला टोचून साखर बघितली. ३४०. त्या बाईला मधुमेह आहे हे तिला, तिच्या घरात, कुणालाच ठाऊक नव्हतं. गोळी आपलं काम चोख करत होती, पण साखर बुरशीला रोज नवा खुराक पुरवत होती.

इथं थोडं थांबून एक सांगते. त्या दिवशी डॉक्टर कन्नड बोलणारे होते, मावशींना मराठीच येत होतं, आणि मधे मी. डॉक्टरांना "तुरिके", म्हणजे कन्नडात खाज, म्हणून सांगितलं, त्यांना लगेच कळलं. आपल्या भागात नर्सला आणि डॉक्टरला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे. नोकरीची परीक्षा घेताना हे बघायला हवं. लाजेचं दुखणं बाई परक्या भाषेत सांगत नाही, आणि नातवाला दुभाष्या करून तर मुळीच सांगत नाही. असो.

डॉक्टरांनी तपासलं. साखर एवढी वाढलेली असताना एका गोळीवर भागत नाही. त्यांनी तीन दिल्या, तीन-तीन दिवसांच्या अंतरानं. आज एक, चौथ्या दिवशी एक, सातव्या दिवशी एक. साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू केली. मावशी चपला घालत होत्या आणि दारातून म्हणाल्या, "बरं झालं, एक गोळी धाकटीला दिलीय मी. तिलाबी तेच होतंय."

"धाकटी सून? तिला काय दिवस गेलेत का?"

"तिसरा लागलाय."

माझ्या हातातलं रजिस्टर तसंच राहिलं. गरोदरपणात, आणि त्यातून पहिल्या तीन महिन्यांत, ही गोळी पोटात घ्यायची नसते. गर्भपाताचा धोका वाढतो असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून डॉक्टर ती टाळतात. मी आमच्या आशाताईला घेतलं, मावशींना घेतलं, आणि त्या पावसात आम्ही तिघी चालत त्यांच्या घरी गेलो. ओढ्याला पाणी होतं. वाटभर मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या पुढं पुढं चालत होत्या.

सून चुलीपुढं बसलेली. मी काही विचारायच्या आत मावशींनीच विचारलं, "गोळी खाल्लीस काय गं?"

ती घाबरली. म्हणाली, "न्हाई आत्ती. आज संकष्टी न्हवं? गोळी जेवल्यावर घेतात म्हणून चंद्र उगवायची वाट बघालोय." देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागं, गोळी तशीच होती.

मावशी तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या.

त्या सुनेला क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, सात रात्री. गरोदर बाईला तोच उपचार. ती बरी झाली, पुढं बाळंतपणही नीट झालं. मावशींना नंतर वर्षभर त्रास झाला नाही, कारण साखर ताब्यात आली.

तर पुन्हा सांगते. गरोदर, साखर, दुसरी गोळी, कितव्यांदा.

दुसरी गोळी म्हणजे कुठली? रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिट्सची फेनिटॉइन, साखरेची ग्लिमेपिराइड. यांचा जोर फ्लुकोनाझोलमुळं वाढतो. ग्लिमेपिराइडवर असाल तर साखर एकदम खाली येऊ शकते. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते, त्यामुळंच कधी कधी हे दुखणं सुरू होतं. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं, तर पाकीट दाखवून आणू नका, तपासून घ्या. अशांना डॉक्टर सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

गोळी घेतली की एका दिवसात खाज कमी होऊ लागते, पूर्ण बरं वाटायला आठवडाही लागतो. औषध अंगात बरेच दिवस राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून आणखी एक घेऊ नका. डोकं दुखेल, मळमळेल, ते जातं. अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं, तर लगेच दवाखाना.

अंगावरून जाणाऱ्या पाण्याला माशासारखा वास असेल, रंग हिरवट असेल, ओटीपोट दुखत असेल, ताप असेल, तर ही बुरशी नव्हे आणि ही गोळी त्यावर चालत नाही. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासून औषध मोफत देतात.

आणि एक, आतले कपडे. साडीखाली लपवून, माजघरात अंधारात वाळत घालतात बायका, ते वाळतच नाहीत. तेच ओले पुन्हा अंगावर. यात लाजायचं काय आहे? परड्यात उन्हाला एक दोरी बांधा. पाऊस असला तर चुलीच्या उबेवर वाळवा, पण कोरडे घाला. आतून साबण, डेटॉल, वासाचं पाणी लावू नका. तिथं आपलं रक्षण करणारे जंतू असतात, आपल्या विरजणातल्या जंतूंचेच ते भाऊबंद, ते धुवून जातात. तापाच्या अँटिबायोटिकनंतर हे दुखणं होतं ते याच कारणानं.

गोळी घेतली असेल तर रिकामं पाकीट टाकू नका. पदरात बांधा, आणि दुकानात नव्हे, दवाखान्यात घेऊन जा. नमस्कार.